खुबी कळल्यावरही रंगून जाण्याची रीत

चित्रपटात कोणी बर्फातून चालत असेल, तर पावलागणिक येणारा तो करकर आवाज बहुतेक वेळा बर्फाचा नसतो. चामड्याच्या नाहीतर कापडाच्या पिशवीत कॉर्नफ्लोअर भरायचं, मायक्रोफोनसमोर ती पिशवी पावलांच्या तालात दाबायची, की झाला बर्फ. हाड मोडल्याचा आवाज सेलरीची जुडी पिळून काढतात. या कामाला फोली म्हणतात. हॉलिवूडमध्ये बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात हे काम करणाऱ्या जॅक फोलीचं नाव त्याला मिळालं.

आता हे तुम्हाला कळलं. पुढच्या वेळी पडद्यावर बर्फ येईल तेव्हा दोनपैकी एक गोष्ट होईल. एक तर ‘हे तर पीठ आहे’ असं मनात येऊन तुम्ही गोष्टीबाहेर फेकले जाल. नाहीतर दमलेल्या माणसाचं पाऊल आणि पळणाऱ्याचं पाऊल एकाच पिशवीतून कसं वेगळं काढलंय याकडे कान जाईल, आणि ते चालणं तुम्हाला आधीपेक्षा जास्त जाऊन भिडेल. माहिती दोन्ही वेळा तीच. मग फरक कशानं पडतो, आणि तो आपल्या बाजूनं कसा पाडून घ्यायचा?

मी ध्वनी संकलनाचं काम करते. दिवसभर हेडफोन लावून संवादांमधले क्लिक, अवेळी घेतलेले श्वास, मागची घरघर, ओठांशी न जुळणारी वाक्यं शोधायची आणि साफ करायची. त्यामुळे ‘तुला आता चित्रपट बघताना मजा येते का गं?’ असं मला सतत विचारतात. येते. पूर्वीपेक्षा जास्त येते. पण माझ्या धंद्यातल्या कित्येकांची मजा गेलेली मी जवळून पाहिली आहे. गाणं शिकणाऱ्यांची, फोटो काढणाऱ्यांची, अक्षरजुळणी करणाऱ्यांचीही. ती टिकवता येते, वाढवता येते, आणि त्याची रीत शिकता येते, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

डोक्यात कुठला प्रश्न चाललाय, ते आधी ओळखा

तांत्रिक माहिती दोन जातींची असते. एक सांगते, इथे काय चुकलं. दुसरी सांगते, हे असं का होतं. मजा घालवते ती पहिली, आणि तीही एकटीच असली तर.

अडचण अशी, की कुठलंही तंत्र शिकायला लागलं की पहिल्यांदा चुका ओळखायला शिकवतात. अक्षरजुळणी शिकलेल्याला पुस्तक उघडल्याबरोबर शिरोरेषेतली फट दिसते, मग मजकूर. गाणं शिकणाऱ्याला पहिल्या वर्षात कळतं ते बेसूर. पोटापाण्यासाठी हे लागतंच, कारण पैसे चूक पकडण्याचेच मिळतात. पण शिक्षण तिथेच थांबलं, तर हातात उरते फक्त चुकांची यादी, आणि ती यादी घेऊन माणूस प्रत्येक मैफलीला जाऊन बसतो.

यावर उपाय एकच आहे, आणि तो सवयीनं जमतो. चूक दिसली की तिथे न थांबता एक पायरी खाली उतरायचं आणि विचारायचं, ही मला चूक का वाटते?

उदाहरण माझ्या कामातलंच घेते. डब केलेलं वाक्य ओठांच्या पुढेमागे गेलं की आम्ही ‘सिंक गेला’ म्हणतो. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रं असतात, म्हणजे एक चित्र साधारण ४२ मिलिसेकंदांचं. आता गंमत बघा. आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला की तो लोकांच्या लक्षात यायला लागतो. पण तोच आवाज उशिरा आला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत फारसं कोणाला काही वाटत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणासाठीच्या शिफारशीत हेच आकडे आहेत. म्हणजे आधी आलेलं एक चित्र खुपतं आणि उशिरा आलेली तीन चित्रं खपून जातात.

असं का? सर्वसाधारणपणे दिलं जाणारं उत्तर असं: जगात आवाज प्रकाशाच्या आधी कधीच पोचत नाही. हवेत तो सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. चाळीस मीटरवर कोणी हातोडा मारत असेल, तर घाव दिसल्यानंतर शंभराहून जास्त मिलिसेकंदांनी ‘ठण्ण’ कानावर येतं. जन्मापासून मेंदू हा उशीर पोटात घालत आलाय. उलटं मात्र त्यानं कधीच पाहिलेलं नाही, म्हणून आवाज किंचित जरी आधी आला तरी तो दचकतो.

हे कळल्यावर सिंकची चूक माझ्यासाठी नुसती चूक राहिली नाही. पडद्यावर वाक्य घसरतं तेव्हा आता मला स्वतःच्याच मेंदूचा एक नियम काम करताना दिसतो. मैदानाच्या पलीकडे कोणी चेंडू टोलवताना दिसला तरी मी थांबून तो मधला क्षण ऐकते.

सुरुवात तिथे करा, जिथे चूक कोणाचीच नसते

कारण शोधायची सवय थेट कलाकृतींवर लावायला गेलं तर जड जातं. समोर माणूस असतो, त्यानं केलेलं काम असतं, आणि निवाडा करायचा मोह आवरत नाही. म्हणून मी सगळ्यांना निसर्गापासून सुरुवात करायला सांगते. इंद्रधनुष्य बेसूर होऊ शकत नाही. त्याच्याबद्दल जे काही शिकाल ते दुसऱ्या जातीचंच असणार.

तेव्हा इंद्रधनुष्यच घ्या. सूर्याकडे पाठ करून उभे राहा आणि आपल्या डोक्याची सावली जिथे पडते तो बिंदू धरा. कमानीचा मध्य बरोबर तिथे असतो. त्या बिंदूपासून साधारण ४२ अंशांवर लाल कड सापडेल. हात पूर्ण लांब केला तर पसरलेली वीत सुमारे वीस अंश झाकते, म्हणजे दोन विती आणि वर थोडं. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असला तर सपाट जमिनीवरून आकाशात धनुष्य दिसूच शकत नाही. म्हणून ते सकाळी नाहीतर दिवस कलल्यावर दिसतं. शिवाय कमानीचा मध्य तुमच्या डोक्याच्या सावलीशी बांधलेला असल्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं धनुष्य वेगळ्या थेंबांचं असतं.

आता बाहेरच्या बाजूला, ५१ अंशांच्या आसपास, दुसरं फिकं धनुष्य शोधा. त्यात रंगांचा क्रम उलटा असतो, लाल आत आणि जांभळा बाहेर. ते दिसलं की दोन कमानींच्या मधलं आकाश बघा. ते बाकीच्या आकाशापेक्षा काळपट असतं. पाण्याच्या थेंबात एकदा परावर्तन झालेला प्रकाश पहिल्या कमानीच्या आत पसरतो, दोनदा परावर्तन झालेला दुसऱ्या कमानीच्या बाहेर. मधल्या पट्ट्यातले थेंब या दोन्ही वाटांनी तुमच्याकडे प्रकाश पाठवू शकत नाहीत. या पट्ट्याला अलेक्झांडरचा पट्टा म्हणतात, कारण इसवी सन २०० च्या सुमारास अ‍ॅफ्रोडिसियसच्या अलेक्झांडरनं त्याचं वर्णन करून ठेवलंय. मी आयुष्यभर इंद्रधनुष्यं बघत आले, पण हा पट्टा मला दिसायला लागला तो त्याच्याबद्दल वाचल्यानंतर. डोळे तेच होते, त्यांना कुठे बघायचं ते ठाऊक नव्हतं.

याहून बारीक बघायचं असेल तर पहिल्या कमानीच्या माथ्याशी, जांभळ्याच्याही आत, गुलाबी-हिरवट अशा बारीक रेघा कधीकधी दिसतात. थेंब लहान आणि एकसारखे असले की त्या उठून दिसतात. न्यूटनच्या स्पष्टीकरणात त्या बसत नव्हत्या. १८०४ साली थॉमस यंगनं सांगितलं की प्रकाशाच्या लाटा एकमेकींत मिसळून हे पट्टे उमटतात. पोलराइज्ड गॉगल असेल तर तो लावून मान हळूहळू तिरकी करा. कमानीचा माथा फिका होईल आणि पुन्हा उजळेल, कारण धनुष्याचा प्रकाश एका ठरावीक दिशेत डोलत असतो.

वीज कडाडते तेव्हाही हेच करून बघा. प्रकाश दिसल्यापासून सेकंद मोजा आणि तीननं भागा. किलोमीटर मिळतील. पुढचा प्रश्न जास्त रसाळ आहे: क्षणात लख्ख होणारी वीज इतका वेळ गडगडते कशी? विजेची वाट कित्येक किलोमीटर लांब आणि वेडीवाकडी असते. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी येतो, लांबच्या टोकाचा कित्येक सेकंदांनी. म्हणजे गडगडाट ऐकताना तुम्ही विजेची लांबी ऐकत असता.

पहिल्या खेपेला गप्प राहा

नवीन गाणं, नवीन चित्रपट, नवीन चित्र. पहिली भेट पूर्ण होऊ द्या, आणि ती झाल्यावर लगेच बोलू नका. हा नियम मी सर्वांत कडक पाळते.

त्यामागे नुसती माझी आवड नाही. १९९६ साली जोसेफ मेल्चर आणि जोनाथन स्कूलर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक वाइन चाखायला दिली. काहींना तिची चव शब्दांत लिहायला सांगितली, काहींना दुसऱ्याच कामाला लावलं. मग अनेक वाइनमधून तीच ओळखायला सांगितली. नियमित वाइन पिणारे पण चवीचं शास्त्र न शिकलेले लोक चव लिहून काढल्यावर ओळखण्यात मागे पडले. अगदी नवख्यांचं आणि पुरेसं शिक्षण झालेल्यांचं तसं नुकसान झालं नाही. जीभ पुढे गेलेली, शब्द मागे राहिलेले, अशा मधल्या माणसाचाच अनुभव त्याच्या अपुऱ्या शब्दांनी झाकला.

तीन वर्षं आधी, १९९३ मध्ये, टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी लोकांना एकेक पोस्टर निवडून घरी न्यायला दिलं होतं. निवडण्यापूर्वी ज्यांना आवडीनिवडीची कारणं लिहायला लावली होती, ते काही आठवड्यांनंतर आपल्या पोस्टरवर इतरांपेक्षा कमी खूश होते. जी कारणं शब्दांत पटकन मांडता येतात त्यांनाच जास्त वजन मिळतं, आणि जे शब्दांत येत नाही ते मागे पडतं.

अर्धवट शिकलेल्या माणसाच्या तोंडात नवे शब्द घोळत असतात आणि ते वापरायची त्याला घाई असते. मैफल संपून टाळ्या ओसरायच्या आत ‘तो तिसऱ्या आवर्तनात...’ असं सुरू झालं की जे ऐकलं त्याच्यावर तेवढ्या एका वाक्याचं झाकण बसतं. रात्र जाऊ द्या. सकाळी काय आठवतंय ते बघा. जे आपणहून आठवतं, तिथूनच तंत्राच्या प्रश्नाला सुरुवात करा.

दुसऱ्या खेपेला मात्र प्रश्न घेऊन बसा, आणि एकच घ्या. उदाहरणार्थ, चित्रपटात कोणी बोलत नसतं तेव्हा काय ऐकू येतं? पूर्ण शांतता जवळजवळ कधीच नसते. प्रत्येक खोलीची स्वतःची एक शांतता असते आणि चित्रीकरणाच्या वेळी आम्ही ती वेगळी रेकॉर्ड करतो. सगळ्यांना जागच्या जागी थांबायला सांगून अर्धा-एक मिनिट नुसती खोली ध्वनिमुद्रित करायची. याला रूम टोन म्हणतात. संवादांच्या फटीत तो भरला नाही, तर प्रत्येक फट भोकासारखी जाणवते. एका चित्रपटात फक्त या शांतता ऐकत बसा. दोन माणसांचं भांडण झाल्यावर तीच खोली वेगळी ऐकू यायला लागते का, ते बघा. चांगल्या संकलकानं तिथे काहीतरी केलेलं असतं.

कारण हातानं शिका: तंबोऱ्याचा दोरा

वाचून मिळालेलं कारण डोक्यात राहतं. हातानं मिळालेलं कारण कानात उतरतं. माझ्यासाठी याचं सर्वांत मोठं उदाहरण तंबोरा आहे. तुमच्याकडे किंवा ओळखीत एखादा असेल तर हे जरूर करा. घाई करू नका, निवांत वेळ काढा.

तंबोऱ्याची घोडी सतारीसारखीच रुंद आणि अगदी किंचित बाकदार असते. तार तिच्यावर टेकते आणि कंप पावताना त्या बाकाला चाटत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवलेला असतो. तो बाहेर ओढून घ्या आणि तार छेडा. आवाज येईल, पण सपाट, लगेच बसणारा. आता दोरा पुन्हा आत सरकवा, केसभर पुढे न्या, छेडा. पुन्हा केसभर मागे, छेडा. एका ठिकाणी तारेचा आवाज अचानक उघडतो. एकच तार, पण तिच्यातून वरचे स्वर एकामागून एक उमलत बाहेर येतात. केसभर आणखी सरकवलं की ते मिटतात, नाहीतर करकरायला लागतात. ती जागा बोटांनी सापडते तेव्हा जवारी लागली म्हणतात.

आता कारण. तारेच्या मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपसंख्येचे जे वरचे स्वर निघतात, त्यांना उपस्वर म्हणतात. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा कंप शून्य असायला हवा, ते उपस्वर निघू नयेत, असा नियम आहे. मधोमध छेडली तर सम क्रमांकाचे उपस्वर गायब व्हायला हवेत. हा नियम यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावानं ओळखला जातो. यंग म्हणजे तोच, इंद्रधनुष्यातल्या बारीक रेघांचा. आणि तंबोरा हा नियम सरळ मोडतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवरच्या आपल्या १९२१ च्या निबंधात नेमकं हेच दाखवलं, की नियमाप्रमाणे जे उपस्वर नसायला हवेत तेच इथे जोरात ऐकू येतात. त्याचं मूळ त्या बाकदार घोडीत आणि दोऱ्यात आहे. तार चाटत चाटत टेकते आणि सुटते, त्यामुळे तिच्या कंपाचा आकार बदलत राहतो आणि जे स्वर छेडताना निर्माण झालेच नव्हते ते नंतर तयार होतात.

पुढची पायरी कानाची. फक्त खर्जाची तार वाजवत राहा. काळी एक पट्टीत पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९.३ हर्ट्झचा असतो. त्याचा पाचवा उपस्वर ३४६.५ हर्ट्झ, म्हणजे तार सप्तकातला गंधार. कुठलीही तार गंधारात मिळवलेली नसताना तो ऐकू येतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. ऐकू येत नसेल तर आधी तो गंधार अगदी हलक्या आवाजात गुणगुणा आणि थांबा. आपण थांबल्यावर तोच स्वर तारेत चालू असलेला सापडतो. एकदा सापडला की पुढे शोधावा लागत नाही.

इथेच एक वळण येतं, आणि ते नीट घ्यायला हवं. समस्वरांतर पद्धतीनं, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून, मिळवलेल्या पेटीवर तो गंधार ३४९.२ हर्ट्झचा असतो. दोन्ही एकत्र वाजवले तर आवाज लहानमोठा होत सेकंदाला अडीच-तीन हेलकावे घेतो. हे एकदा ऐकलं की पेटीचा गंधार चढा आहे, हे कानातून जात नाही. मी असे लोक पाहिले आहेत ज्यांनी त्यानंतर पेटीची साथ असलेलं गाणं ऐकणंच सोडलं. मला ते पटत नाही. माझं लक्ष हा फरक कळल्यापासून गायकाकडे जास्त जातं. लांबवलेल्या गंधारावर तो कुठे जाऊन बसतो? पेटीबरोबर सुरू करून हळूच तंबोऱ्याच्या गंधारावर उतरतो का? तसं झालं की हेलकावे मंदावतात, थांबतात, आणि अंगावर काटा येतो. पूर्वीही येत असे. आता तो कुठून येतो ते मला ऐकू येतं, आणि म्हणून मी त्या जागेची वाट बघत बसते.

तंबोरा नसेल तर फोनवरचा चालेल, पण इअरफोन लावून. फोनच्या इवल्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झ जवळजवळ निघतच नाहीत. तरीही खर्ज आहे असं वाटत राहतं, कारण १३९, २०८, २७७, ३४६ अशा वरच्या उपस्वरांवरून मेंदू खालचा स्वर स्वतः बांधतो. हेही आधी स्पीकरवर आणि मग इअरफोनवर ऐकून बघण्यासारखं आहे.

मधल्या काळात सोडू नका

नवीन शिकलेलं तंत्र काही दिवस फार बडबड करतं. कट मोजायला शिकलात की कटच दिसतात, ताल शिकलात की मात्राच मोजल्या जातात. लोक इथे घाबरतात आणि ‘नको ते शिकणं’ म्हणून परत फिरतात. परत फिरायची ही जागा नाही.

बुद्धिबळावर विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांचं १९७३ चं काम प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली तर मास्टर दर्जाचा खेळाडू ती नवख्यापेक्षा कितीतरी चांगली पुन्हा मांडतो. सोंगट्या वाटेल तशा ठेवल्या असतील तर हा वरचढपणा जवळजवळ नाहीसा होतो. त्याची स्मरणशक्ती काही अचाट नसते. चार-पाच सोंगट्यांचे अर्थपूर्ण गट त्याला एकदम दिसतात. मधल्या काळातल्या माणसाला सोंगट्या दिसतात, अजून गट दिसत नाहीत. आणखी थोडं शिकलं, आणखी डाव पाहिले, की सुटे तुकडे पुन्हा एकत्र येतात आणि लक्ष मोकळं होतं. त्या मोकळ्या लक्षातच मजा असते.

कामाचे कान कामावर ठेवा

ज्यांचं पोट तंत्रावर आहे त्यांच्यासाठी हे स्वतंत्र सांगते. आपली मजा जाते त्यात माहितीचा वाटा थोडा, जबाबदारीचा जास्त. चित्रपटगृहात बसून संवादामागची हिस, म्हणजे सतत येणारी बारीक ‘स्स्स’, ऐकू आली की माझा हात तिथे नसलेल्या फेडरकडे, आवाज कमीजास्त करायच्या पट्टीकडे, जायला बघतो. तेव्हा मी मनात स्पष्ट म्हणते, हे माझ्याकडे नाही. हे काम पूर्ण झालेलं आहे आणि कोणीतरी ते विचार करून असं सोडलंय.

लगेच पुढचा प्रश्न: का सोडलं असेल? बऱ्याचदा उत्तर सापडतं. हिस काढणारी साधनं जास्त ताणली की आवाजात पाण्याखालचा झुळझुळता सूर शिरतो आणि शब्दाच्या शेवटचा श्वासही जातो. कदाचित नटीचा सर्वांत खरा टेक तोच होता, आणि त्यातला श्वास वाचवण्यासाठी कोणीतरी हिस ठेवली. असं एकदा दिसलं की मी त्या हिसच्या पलीकडे बसलेल्या माणसाच्या बाजूनं ऐकायला लागते. हा अंदाज दर वेळी बरोबरच असेल असं नाही, पण ऐकणं त्यानं बदलतं.

काही जण सल्ला देतात, की एखादं क्षेत्र मुद्दाम अडाणीपणानं राखून ठेवावं, तिथलं काही शिकू नये. मला तो सल्ला मान्य नाही. विश्रांती मिळते ती आपल्यावर काही निस्तरायची वेळ येत नाही म्हणून. अज्ञानाचा त्यात काही हात नाही. ताऱ्यांबद्दल मी हवं तेवढं शिकते. व्याधाचा प्रकाश ८.६ वर्षांपूर्वी निघालेला आहे, आणि तो लुकलुकतो ते आपल्या हवेमुळे. त्याचं मिक्सिंग मला करायचं नाही, एवढं पुरतं.

जे खरंच बिघडतं, त्याला हात लावू नका

रहस्यकथेचा शेवट आणि जादूच्या प्रयोगाची युक्ती. शेवटाबद्दल २०११ साली जोनाथन लीव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांना उलटंच दिसलं होतं. शेवट आधी सांगितलेल्या लघुकथा वाचकांना सरासरीनं जास्त आवडल्या. नंतरच्या अभ्यासांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. माझं मत असं, की आश्चर्य एकदाच मिळतं, तेव्हा ते पहिल्या वाचनाला घ्यावं आणि सापळा कसा रचला ते दुसऱ्या वाचनाला बघावं. जादूचं तसं नाही. युक्ती बहुधा इतकी छोटी असते की ती कळून हाती काही लागत नाही. जादूगार आपली नजर नेमक्या क्षणी दुसरीकडे कशी नेतो, ते मात्र पुन्हापुन्हा बघण्यासारखं असतं. ते शिका, युक्ती विचारू नका.

दुसऱ्याला सांगताना

रंगून बघणाऱ्या माणसाच्या कानात चूक सांगू नका, कधीच. एकदा दाखवलेली चूक त्याला परत न पाहिलेली करता येत नाही. सांगायचंच असेल तर बघायची जागा सांगा, तेही नंतर, आणि काय दिसेल ते न सांगता.

माझी भाची चित्रपटांची वेडी आहे. तिला मी एवढंच म्हटलं होतं, की चेहरा जवळून दाखवतात तेव्हा डोळ्यांच्या बाहुलीत बघ. तिथे प्रकाशाचा ठिपका असतो आणि त्याचा आकार दिव्याचा असतो. खिडकी असेल तर चौकोन, रिंग लाइट असेल तर कडं, दोन दिवे असतील तर दोन ठिपके. बाकीचं तिनं स्वतः शोधलं. परवा एक प्रसंग थांबवून ती म्हणाली, “मावशी, हिच्या डोळ्यात खिडकी आहे, पण खोलीत तर खिडकीच नाहीये. चुकलं ना यांचं?” मी म्हटलं, “असेल. पण इतक्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी हिच्याच डोळ्यात उजेड का ठेवला असेल?” तिनं प्रसंग पहिल्यापासून लावला, आणि या वेळी समोरच्या माणसाच्या डोळ्यांत काही आहे का, ते बघायला लागली. त्याच्या डोळ्यांत काहीच नव्हतं.